सुटलेला बाण परत येतो तेव्हा

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि एम.ए.च्या वर्गाला परिभाषानिर्मितीचा घटक आळीपाळीने घेतो. यंदा त्या तासाला 'रॉकेट'साठी रूढ झालेला 'अग्निबाण' हा शब्द फळ्यावर लिहिला आणि तो कसा सार्थ आहे हे नेहमीप्रमाणे सांगायला सुरुवात केली. अग्नी आहे, वेग आहे, दिशा आहे; शिवाय सुटलेला बाण जसा परत येत नाही तसे रॉकेटही परत येत नाही. या शेवटच्या वाक्याला मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने हरकत घेतली. त्याने मोबाइलवर एक चित्रफीत लावून दाखवली. १३ ऑक्टोबर २०२४, टेक्सासचा समुद्रकिनारा. सुमारे सत्तर मीटर उंचीचा पोलादी बूस्टर आकाशातून उभाच्या उभा खाली येतो आहे, आणि सातेक मिनिटांपूर्वी ज्या मनोऱ्यापासून तो सुटला होता त्याच मनोऱ्याचे दोन यांत्रिक हात त्याला अधांतरी धरून ठेवत आहेत. "मॅडम, हा बाण परत आला," तो म्हणाला.

तास तिथेच अडला. प्रस्तुत लेख त्या अडलेल्या तासातून निघालेला आहे. आम्ही अभियंते नाही. इतिहास आणि शब्द यांच्या वाटेने या विषयाकडे जाण्याखेरीज आम्हांला दुसरी वाट नाही, हे वाचकांनी सुरुवातीलाच लक्षात घ्यावे.

मुळात 'बाण' या शब्दाची मराठीतली गोष्ट गमतीची आहे. पेशवाईच्या काळातील बखरींत आणि कागदपत्रांत लढाईच्या वर्णनात 'बाण' येतो तेव्हा तो पुष्कळदा धनुष्यावरचा नसतो. नळीत दारू ठासून, काठीला बांधून शत्रूच्या फौजेवर सोडायचा तो बाण असतो. म्हणजे रॉकेटला आपण बाण म्हणू लागलो ते काही कोण्या परिभाषा समितीच्या बैठकीत नव्हे. दिवाळीत बाटलीत उभे करून सोडतात ते रॉकेट त्याच कुळातले. त्याची जळकी काठी शेजाऱ्याच्या कौलांवर पडते आणि ती परत मागायला कोणी जात नाही. न परतणे हे या वस्तूच्या व्याख्येतच होते, आणि ते शस्त्राच्या वंशातून आलेले होते. शत्रूवर सोडलेली वस्तू परत यावी अशी इच्छा कोण करील?

तशी इच्छा महाभारतात मात्र एकदा केलेली आढळते. सौप्तिक पर्वात अश्वत्थामा आणि अर्जुन दोघेही ब्रह्मशिर अस्त्र सोडतात, ऋषी मध्ये उभे राहून ते आवरायला सांगतात. अर्जुन आवरतो, अश्वत्थाम्याला ते साधत नाही. अस्त्र दोघांचे एकच आहे. फरक आहे तो ते मागे घेण्याच्या अधिकारात, आणि तो अधिकार सोडणाऱ्याने आधी कमावलेला असावा लागतो. पुढचा सारा इतिहास लिहिताना हा प्रसंग आमच्या मनात सतत होता.

रॉकेट परत का येत नसे, याचे एक कारण गणिताचे आहे. कॉन्स्टान्टिन त्सिओल्कोव्हस्की या रशियन शाळामास्तराने १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात रॉकेटचा वेग आणि त्याचे इंधन यांचे नाते सूत्रात मांडले. त्या सूत्राचा व्यवहारातला अर्थ असा, की पृथ्वीभोवतीच्या कक्षेत जायचे तर उड्डाणाच्या वेळी वाहनाच्या एकूण वजनापैकी सुमारे नऊ-दशांश वजन इंधनाचेच असते. उरलेल्या एका भागात टाक्या, यंत्रे, सांगाडा आणि सरतेशेवटी प्रत्यक्ष न्यायचा माल. परतीसाठी पंख, चाके, पाय किंवा राखीव इंधन ठेवावे तर ते त्या मालाच्या वाट्यातून कापून द्यावे लागते. परतीचे तिकीट काढायचे तर सामान घरी ठेवून निघा, असा हा कारभार.

दुसरे कारण वंशाचे. पहिला उपग्रह ज्यावरून गेला ते सोव्हिएत रॉकेट आणि पहिले अमेरिकी अंतराळवीर पृथ्वीच्या कक्षेत गेले ते 'ॲटलस' ही दोन्ही मुळात अण्वस्त्रे वाहून नेण्यासाठी बांधलेली क्षेपणास्त्रे होती. त्यांच्या रचनाकारांना परतीचा विचार शिवण्याचे कारणच नव्हते. चंद्रावर माणसे नेणारे 'सॅटर्न ५' शस्त्र नव्हते, पण रीत तीच चालू राहिली. १९६७ ते १९७३ या काळात ते तेरा वेळा उडाले. सुमारे ११० मीटर उंचीची, जवळजवळ २,९०० टन वजनाची ती रचना प्रत्येक वेळी समुद्रात, अवकाशात किंवा चंद्रावर विसर्जित झाली आणि परत आली ती तीन माणसांची एक लहानशी कुपी. गणेशमूर्तीचे विसर्जन आम्हांला परिचित आहे. परंतु त्यात माती पाण्याला परत मिळते, एवढे तरी असते.

परतीचे स्वप्न नव्हते असे मात्र नाही. व्हेर्नहर फॉन ब्राउन यांनी १९५२ साली 'कॉलिअर्स' या लोकप्रिय अमेरिकी साप्ताहिकात जी चित्रमय लेखमाला सुरू केली, तिच्यातल्या रॉकेटचा शेवटचा टप्पा पंख असलेला होता आणि तो विमानासारखा उतरणार होता. हेच गृहस्थ युद्धकाळात जर्मनीसाठी व्ही-२ बांधत होते आणि ती बांधताना छळछावणीतले कैदी मरत होते, हे सांगितल्याशिवाय त्यांच्या स्वप्नाचे कौतुक करणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही.

प्रत्यक्ष परतणारे पहिले मोठे वाहन म्हणजे अमेरिकेचे 'स्पेस शटल'. त्याच्यापाशी थोडे थांबायला हवे, कारण पुढे जे यशस्वी झाले त्याचे सगळे प्रश्न शटलच्या कागदपत्रांत आधीच लिहिलेले होते.

१९७१-७२ मध्ये नासाने शटलच्या अर्थकारणाचा अभ्यास प्रिन्स्टनच्या 'मॅथेमॅटिका' या संस्थेकडे दिला. अभ्यासकांत ऑस्कर मॉर्गनस्टर्न होते. जॉन फॉन नॉयमन यांच्याबरोबर १९४४ साली खेळ-सिद्धान्तावरचा पायाभूत ग्रंथ लिहिणारे तेच हे अर्थशास्त्रज्ञ. त्यांच्या आणि क्लाउस हाइस यांच्या अहवालाचा गाभा कोणाही एस.टी. आगारप्रमुखाला पटेल असा होता: गाडी महाग असली तरी चालेल, पण ती फेऱ्यावर असली पाहिजे, आगारात उभी राहिली की तोटा. अहवालाने बारा वर्षांत पाचशेहून अधिक उड्डाणे गृहीत धरली होती. एवढा माल अवकाशात न्यायचा आहे कोणाला, हे मात्र गृहीतकाच्या पोटात दडून राहिले. एकदा वाहतूक स्वस्त झाली की माल आपोआप येईल, अशी श्रद्धा होती.

५ जानेवारी १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी शटलला मान्यता दिली. तोवर पैसे कमी पडले म्हणून मूळचा संपूर्ण पुनर्वापराचा आराखडा मोडला होता. इंधनाची महाकाय बाह्य टाकी दर वेळी नष्ट होणार होती; दोन्ही बाजूंचे घन इंधनाचे बूस्टर हवाई छत्रीने समुद्रात पडणार, जहाजाने ओढून आणून, सुटे करून, धुऊनपुसून पुन्हा भरले जाणार होते. हवाई दलाला आपले मोठे उपग्रह न्यायचे होते, म्हणून मालकक्ष मोठा झाला आणि पंखांचा आकार बदलला. खर्च कमी म्हणून केलेल्या प्रत्येक तडजोडीने पुढचा खर्च वाढवला. संसारात असे होते हे आम्ही जाणतो. राष्ट्रांच्या संसारातही होते.

१२ एप्रिल १९८१ रोजी 'कोलंबिया' उडाले आणि दोन दिवसांनी धावपट्टीवर उतरले. तो क्षण खराखुरा अपूर्व होता. परंतु परतलेले वाहन पुन्हा निघायला तयार करणे हेच खरे काम ठरले. शटलच्या अंगावर चोवीस हजारांहून अधिक उष्णतारोधक फरशा होत्या आणि त्यांतली जवळजवळ प्रत्येक वेगळ्या आकाराची होती. पोथीचे पान जसे दुसऱ्या पोथीत बसत नाही तशी एक फरशी दुसरीच्या जागी बसत नसे. प्रत्येक उड्डाणानंतर त्या तपासायच्या, तडकलेल्या काढायच्या, नव्या हाताने चिकटवायच्या. मुख्य इंजिने उतरवून तपासायची. 'पुनर्वापर' या एका शब्दाखाली दोन वेगळ्या क्रिया झाकल्या जातात, हे इथे दिसते. कपडा झटकून पुन्हा घालणे हा पुनर्वापर, आणि कपडा उसवून, धुऊन, पुन्हा शिवणे हाही पुनर्वापरच. शटल दुसऱ्या प्रकारात मोडत होते आणि हिशेब पहिल्या प्रकाराचा केलेला होता.

तरीही काही वर्षे ते व्यापारी वाहन होते, आणि इथे आपला संबंध येतो. नोव्हेंबर १९८२ मध्ये शटलने प्रथमच व्यापारी दळणवळण उपग्रह कक्षेत सोडले. ऑगस्ट १९८३ च्या अखेरीस 'चॅलेंजर'ने भारताचा 'इन्सॅट-१बी' नेला. आपल्याकडे खेडोपाडी दूरदर्शन पोचले त्यात या उपग्रहाचा वाटा मोठा होता. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याच्यावरून देशव्यापी वर्गाचे कार्यक्रम सुरू केले. शाळकरी वयात दुपारच्या वेळी ते कार्यक्रम, निम्मे न समजता, आम्ही दोघांनीही पाहिले आहेत. परतणाऱ्या पहिल्या वाहनाने जी शिदोरी नेली होती तिच्यातला एक घास असा आमच्याही वाट्याला आला होता, हे त्या वेळी ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

या वाहतुकीचा ग्राहकाकडून घेतलेला दर प्रत्यक्ष खर्चाहून फार कमी होता. उरलेला भार अमेरिकी करदात्यावर. दर कमी ठेवला, कारण फेऱ्या वाढवायच्या होत्या. फेऱ्या वाढवायच्या, कारण त्याशिवाय अहवालातले गणित खरे होत नव्हते. वर्षाला चोवीस उड्डाणांचे ध्येय ठेवले गेले. १९८५ मध्ये नऊ झाली, आणि शटलच्या सबंध इतिहासात एका वर्षातला तोच उच्चांक राहिला. २८ जानेवारी १९८६ रोजी पंचविसाव्या उड्डाणात 'चॅलेंजर' उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी फुटले आणि सातही जण गेले. चौकशी आयोगाने बूस्टरच्या रबरी कड्यांचा दोष सांगितलाच. परंतु उड्डाणांच्या वेळापत्रकाचा दबाव हाही दोष म्हणून नोंदवला. हिशेबाचा आकडा खरा करण्यासाठी माणसांना घाई झाली होती, असा त्याचा सरळ अर्थ.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी शटलने व्यापारी उपग्रह नेणे बंद केल्याचे जाहीर केले. 'इन्सॅट-१सी' शटलमधून जायचा होता आणि त्याच्याबरोबर एक भारतीय तज्ज्ञही. तो प्रवास रद्द झाला आणि उपग्रह १९८८ मध्ये युरोपच्या 'एरियान'वरून गेला, म्हणजे पुन्हा एका न परतणाऱ्या बाणावरून. १ फेब्रुवारी २००३ रोजी 'कोलंबिया' परतीच्या वाटेवर भंगले. कल्पना चावला त्यात होत्या. उड्डाणाच्या वेळी टाकीवरून निसटलेला फोमचा तुकडा पंखावर आदळला होता. जाताना झालेली जखम येताना जीव घेऊन गेली. जुलै २०११ मध्ये १३५ वे उड्डाण करून शटल थांबले. एकूण खर्चाला उड्डाणांनी भागले तर दर फेरीला सुमारे दीड अब्ज डॉलर पडतात, असा हिशेब त्याच वर्षी मांडला गेला.

सोव्हिएत रशियाचे 'बुरान' १५ नोव्हेंबर १९८८ रोजी एकदाच, माणसाविना उडाले आणि आपोआप धावपट्टीवर उतरले. पुढे राष्ट्रच उरले नाही, आणि २००२ मध्ये बायकोनूरच्या ज्या इमारतीत ते ठेवले होते तिचे छप्पर कोसळून ते नष्ट झाले. 'डीसी-एक्स' या बाराएक मीटर उंचीच्या प्रायोगिक रॉकेटने १९९३ पासून न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात उभ्याने उडून उभ्याने उतरून दाखवले, आणि १९९६ मध्ये एक पाय न उघडल्याने ते कलंडून जळाले. २००४ मध्ये 'स्पेसशिपवन' या खासगी यानाने एक कोटी डॉलरचे पारितोषिक पटकावले. त्या स्पर्धेची अट वाचनीय आहे: तेच यान दोन आठवड्यांच्या आत पुन्हा अवकाशाच्या सीमेपर्यंत गेले पाहिजे. यान नवे असावे, भव्य असावे, असे काही नाही. फक्त लवकर पुन्हा जावे. मॉर्गनस्टर्न यांच्या अहवालाचे मर्म त्या अटीत उतरले होते.

२००२ मध्ये स्थापन झालेल्या 'स्पेसएक्स' कंपनीची कथा आता पुराणासारखी सांगितली जाते: एक धनिक, त्याचे मंगळाचे वेड, तीन अपयशे आणि चौथे यश. पुराणात जे गाळले जाते ते आम्ही आधी सांगतो. २८ सप्टेंबर २००८ रोजी प्रशांत महासागरातल्या क्वाजालेन बेटसमूहातून 'फाल्कन १' चौथ्या प्रयत्नात कक्षेत गेले तेव्हा कंपनीची तिजोरी जवळजवळ रिकामी होती. त्याच डिसेंबरमध्ये नासाने अंतराळ स्थानकाकडे बारा खेपा माल नेण्यासाठी १.६ अब्ज डॉलरचा करार दिला आणि कंपनी तगली. व्यापारी अवकाशयुगाचा पाया सार्वजनिक पैशाने घातला गेला, हे सांगण्यात कोणाचा अवमान नाही. न सांगण्यात मात्र इतिहासाचा आहे.

'फाल्कन ९' जून २०१० मध्ये उडाले. सुरुवातीला पहिला टप्पा हवाई छत्रीने उतरवण्याचा बेत होता. तो वातावरणात शिरतानाच तुटत असे. मग जो मार्ग निवडला तो ऐकायला वेडगळ वाटतो. शुद्ध केलेले रॉकेल आणि द्रवरूप ऑक्सिजन यांवर चालणारी नऊ इंजिने असलेला हा चाळीसएक मीटर उंचीचा नळकांडा आपले काम संपताच वरच्या टप्प्यापासून सुटतो, पाठ फिरवतो, आणि राखून ठेवलेल्या थोड्या इंधनावर, जिकडे जायचे त्याच दिशेला ज्वाळा सोडत वेग कमी करतो. माथ्याजवळच्या जाळीदार पंखांनी दिशा सांभाळतो. शेवटी एकच इंजिन पेटते. गंमत अशी, की त्या रिकाम्या नळकांड्याला एका इंजिनाचा किमान जोरही जास्त होतो. तो हवेत तरंगत थांबू शकत नाही, थांबायला गेला तर पुन्हा वर जाईल. म्हणून वेग शून्य होण्याचा क्षण आणि जमिनीला पाय टेकण्याचा क्षण एकच असावा लागतो. चुकायला जागा नाही.

२१ डिसेंबर २०१५ च्या रात्री केप कॅनाव्हेरल येथे तो क्षण साधला. महिनाभर आधी 'ब्लू ओरिजिन'चे 'न्यू शेपर्ड' उभ्याने उतरले होते. मात्र ते सरळ वर जाऊन सरळ खाली येणारे, कक्षेत काही न नेणारे वाहन. एप्रिल २०१६ मध्ये फाल्कनचा टप्पा समुद्रातल्या तराफ्यावर उतरला आणि तोच टप्पा ३० मार्च २०१७ रोजी लक्झेंबर्गच्या 'एसईएस' कंपनीचा उपग्रह घेऊन दुसऱ्यांदा गेला. 'वापरलेले' हे विशेषण त्या दिवशी प्रथमच अशा रॉकेटच्या बाजारात गुणवाचक झाले.

त्या तराफ्याचे नाव वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांनी टिपून ठेवण्याजोगे आहे: 'ऑफ कोर्स आय स्टिल लव्ह यू'. दुसऱ्याचे 'जस्ट रीड द इन्स्ट्रक्शन्स'. दोन्ही नावे स्कॉटिश कादंबरीकार इयन एम. बँक्स यांच्या 'कल्चर' मालिकेतल्या जहाजांची. त्या मालिकेतल्या समाजात पैसा नावाची वस्तूच नाही. टंचाई संपलेली आहे, म्हणून मालकीही निरर्थक झाली आहे. बँक्स २०१३ मध्ये वारले. धनाढ्य कंपनीने निर्धन आदर्शलोकातली नावे आपल्या तराफ्यांना द्यावीत, यातला विनोद कंपनीला कळला होता की नाही, कोण जाणे.

मालकीचा विषय निघाला आहे तर हिशेबाकडे वळू. बूस्टर परत आणण्यात मालवाहू क्षमता घटते आणि दुरुस्तीचा खर्च येतो. मग किती फेऱ्यांनंतर हा व्यवहार फायद्यात येतो? २०२० मध्ये इलॉन मस्क यांनी सांगितले की दोन फेऱ्यांत बरोबरी होते, तिसऱ्यापासून लाभ. प्रतिस्पर्धी 'युनायटेड लाँच अलायन्स'चे टोरी ब्रुनो यांच्या मते त्याला ताफ्याच्या सरासरीने दहा फेऱ्या लागतात. पुढे २०२५ मध्ये एका बूस्टरने तिसाव्यांदा उड्डाण केले, तेव्हा हा वाद निकालात निघाला असे म्हणायला हरकत नाही. २०२४ मध्ये फाल्कन कुळातील १३४ उड्डाणे झाली. शटलच्या तीस वर्षांची भरती एका वर्षात!

परंतु मॉर्गनस्टर्न यांच्या अहवालाच्या पोटात दडलेला प्रश्न तसाच उरतो. एवढा माल कोणाचा? वाहतूक स्वस्त झाली की माल आपोआप येईल ही श्रद्धा शटलच्या काळी खोटी ठरली होती आणि या वेळीही ती खरी ठरलेली नाही. जगाकडे दर तीन दिवसांनी एक रॉकेट भरेल इतके उपग्रह नव्हतेच. म्हणून कंपनीने माल स्वतःच निर्माण केला. मे २०१९ मध्ये साठ 'स्टारलिंक' उपग्रह एका खेपेत गेले. २०२४ च्या उड्डाणांपैकी सुमारे दोन-तृतीयांश उड्डाणे याच उपग्रहांची होती. २०२५ च्या अखेरीस त्यांची संख्या नऊ हजारांवर गेली. गाडी आपली, माल आपला, आणि माल पोचला की त्यावर महिन्याचे भाडे घेणारे दुकानही आपले. शटलला जे जमले नाही ते इथे जमले ते यामुळे. यंत्र उत्तम आहे यात शंका नाही. पण नुसत्या यंत्राने ते जमले नसते.

आणि स्वस्ताई? इथे 'खर्च' आणि 'किंमत' हे दोन शब्द वेगळे ठेवायला हवेत. वापरलेल्या बूस्टरच्या एका वाढीव फेरीचा कंपनीला पडणारा खर्च दीड कोटी डॉलरच्या आसपास असल्याचे मस्क यांनीच २०२० मध्ये सांगितले होते. बाहेरच्या ग्राहकासाठी जाहीर दर २०१६ च्या सुमारास ६.२ कोटी डॉलर होता. २०२२ मध्ये तो ६.७ कोटी झाला. म्हणजे बूस्टर जसजसे जास्त वेळा परतू लागले, तसतशी ग्राहकाची किंमत थोडी चढलीच. महागाईचा भाग त्यात आहे, हे मान्य. तरी घटलेला खर्च गेला कुठे याचे उत्तर अवघड नाही. शटल खर्चाखाली विकले जाई आणि तोटा सर्वांचा होता. फाल्कन खर्चाच्या कितीतरी वर विकले जाते आणि नफा एकाचा आहे. रॉकेट पृथ्वीवर परतले. त्याची बचत परतायची आहे.

आकाशाचीही एक बाजू आहे. हजारो उपग्रहांच्या रेघा दुर्बिणींच्या छायाचित्रांत उमटू लागल्यावर आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने २०२२ मध्ये काळोख्या आणि शांत आकाशाच्या रक्षणासाठी स्वतंत्र केंद्रच स्थापन केले. 'आकाश सर्वांचे' हे वाक्य आपण निबंधांत इतके वापरले आहे, की ते कधी वादाचा विषय होईल असे वाटले नव्हते.

मक्तेदारी कायम राहीलच असे नाही. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी 'ब्लू ओरिजिन'च्या 'न्यू ग्लेन'चा पहिला टप्पा समुद्रातल्या जहाजावर उतरला. डिसेंबर २०२५ मध्ये चीनच्या दोन रॉकेटांनी कक्षा गाठली, परंतु त्यांचे पहिले टप्पे परतीच्या प्रयत्नात नष्ट झाले. आमच्या विद्यार्थ्याने दाखवलेल्या 'स्टारशिप'चा एक बूस्टर मे २०२५ मध्ये दुसऱ्यांदा उडाला. वरचा टप्पाही परतवून पुन्हा वापरायचा, असा तिथला मनसुबा आहे, आणि त्याच वर्षी जानेवारीत व मार्चमध्ये अशा दोन टप्प्यांचे अवशेष कॅरिबियन समुद्राच्या आकाशात विखुरलेले लोकांनी पाहिले.

इस्रोच्या पंखवाल्या प्रायोगिक यानाचे नाव 'पुष्पक' आहे. २३ मे २०१६ रोजी त्याच्या आधीच्या प्रतिकृतीने ६५ किलोमीटर उंची गाठून बंगालच्या उपसागरापर्यंत उड्डाण केले. नंतर चित्रदुर्गजवळच्या धावपट्टीवर, हेलिकॉप्टरने साडेचार किलोमीटर उंचीवर नेऊन सोडायचे आणि त्याने आपले आपण उतरायचे, अशा तीन चाचण्या २०२३ आणि २०२४ मध्ये झाल्या. तिसऱ्या चाचणीत, २३ जून २०२४ रोजी, दुसऱ्या चाचणीतलेच यान बदल न करता वापरले. गाजावाजा न करता केलेला हा पुनर्वापर आम्हांला आवडला. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पुढच्या पिढीच्या प्रक्षेपकासाठी ८,२४० कोटी रुपये मंजूर केले. त्याचा पहिला टप्पा परतणारा असणार आहे. दरम्यान भारताचा ४,७०० किलोंचा 'जीसॅट-एन२' हा दळणवळण उपग्रह आपल्या प्रक्षेपकाला जड असल्याने नोव्हेंबर २०२४ मध्ये फाल्कनवरून गेला. १९८३ मध्ये शटल, २०२४ मध्ये फाल्कन. मधल्या काळात परतणाऱ्या वाहनाचा मालक बदलला होता.

रामायणातले पुष्पक हेही पुन्हा पुन्हा वापरलेले वाहन आहे आणि त्याचेही मालक बदलतात. ते कुबेराचे, रावण ते हिसकावतो, रावणवधानंतर राम त्यातून अयोध्येला येतो. तिथवरची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. पुढे, अयोध्येत उतरल्यावर राम ते कुबेराला परत पाठवून देतो, हा भाग वर्गात विचारला तर दोन-तीन हातच वर येतात.

आता तो अडलेला तास. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सह्या केल्या. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशीम यांसारख्या जिल्ह्यांतल्या शाळा, आरोग्य केंद्रे आणि शासकीय कार्यालये त्या जाळ्याला जोडायची, असा त्यात उल्लेख आहे. इन्सॅटवरच्या देशव्यापी वर्गाची गोष्ट सांगून झाल्यावर ही बातमी आम्ही वर्गात वाचून दाखवली. ज्याने चित्रफीत दाखवली होती तो मुलगा नंदुरबारकडचाच निघाला. त्याच्या गावी दूरदर्शन आले तेव्हा ग्रामपंचायतीत एकच संच होता आणि सगळा गाव पाहायला बसे, असे त्याच्या आजोबांनी त्याला सांगितले होते. तो म्हणाला, "सर, तेव्हा वर उपग्रह सरकारचा होता आणि खाली टीव्ही ग्रामपंचायतीचा. आता वरचे कंपनीचे. खालचे कोणाचे असेल?"

फळ्यावर 'अग्निबाण' तसाच होता. त्याच्याखाली त्याने परतणाऱ्या बूस्टरसाठी 'फेरबाण' असा शब्द लिहिला. वर्गात दोन तट पडले. एका मुलीचे म्हणणे, की 'फेर' म्हटले की फुगडी आठवते. दुसरीचे, की म्हणूनच तो बरा. परिभाषेच्या वहीत सध्या दोन्ही शब्द शेजारी लिहून ठेवले आहेत; जाणकारांनी भर घालावी.